अल क्वोजमधला फ्रेंच दगड

दुबईहून परतल्यापासून भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. सोनं काय भावानं होतं, आणि त्या सगळ्यांत उंच इमारतीवर चढलात का. सोन्याच्या दुकानांसमोरून मी डिंक शोधत गेले. उंच इमारत रोज भावाच्या गाडीतून दिसायची, पण ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर ती इतका वेळ दिसत राहायची की तिचाही कंटाळा आला. मी गेले होते एका दगडासाठी. हे सांगितलं की समोरचा माणूस पुन्हा सोन्याकडे वळतो.

तेव्हा नीट सांगते. कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयात मी नोकरीभर शिळाछाप शिकवली. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि त्या दगडावरून कागदावर ठसे घ्यायचे. आता ही कला कुणाला लागत नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्या पायाला भिंगरी आणि हाताला काम नाही, अशी स्थिती. मी घरात बसले की घरातल्या सामानाला धोका असतो, असं आमच्याकडे म्हटलं जातं, आणि ते खोटं नाही.

माझा धाकटा भाऊ श्रीकांत शारजात राहतो आणि दुबईत इक्बालभाईंच्या कंपनीत अकाउंट्स बघतो. इक्बालभाई मूळचे श्रीवर्धनचे, जहाजांना माल पुरवण्याचा त्यांचा धंदा. या माणसाला एकच विचित्र नाद. फ्रान्सचं प्रशियाशी युद्ध झालं, प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, त्या उपाशी हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर जी स्वस्त व्यंगचित्रं विकली गेली, ती हे जमवत आले. आता ते धंदा गुंडाळून कायमचे श्रीवर्धनला निघाले होते. चित्रं दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका गॅलरीला देऊन टाकली होती. एक गोष्ट मात्र त्यांना सोबत हवी होती. त्यांच्याकडे त्या काळातला एक अस्सल दगडच होता, चित्र अजून अंगावर असलेला. त्यावरून एक ठसा आपल्या डोळ्यांदेखत निघावा आणि तो कागद घरी न्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. अडचण ही की दगडाला केसाएवढी चीर होती. प्रेसच्या दाबाखाली तो फुटला तर कागदही नाही आणि दगडही नाही. दोन कारागिरांनी हात जोडून नकार दिला होता. श्रीकांत म्हणाला, माझ्या ताईला विचारतो.

ताई तर बॅग भरूनच बसली होती.

शारजा

वर कुठंतरी लढाईमुळे विमानांना आकाश बंद होतं म्हणून विमान लांबच्या वाटेनं आलं. शेजारचा माणूस समोरच्या पडद्यावरचा नकाशा सोडून दुसरं काही बघेना, आणि त्याच्यामुळे मीही बघत राहिले. दिवाळी होऊन गेली होती तरी विमानतळाबाहेरची हवा भाकरीच्या तव्यासारखी अंगावर आली. श्रीकांतच्या घरी टीव्हीवर बातम्या चालू, आवाज बंद. खाली पट्टी सरकत होती. त्याची बायको मेधा मधूनच तिकडे बघायची आणि पुन्हा पोळी लाटायची.

"रोज असंच?" मी विचारलं.

"सवय होते हो ताई. ऑफिस चालू, स्कूल चालू. इन्शाल्ला, काही होत नाही," ती म्हणाली. पण पोळी करपली.

भाचीला दगडाचं सगळं रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, व्हाय डोंट दे जस्ट स्कॅन इट?" तिचा प्रश्न घेऊनच मी आडवी झाले. झोप नीट लागली नाही. पहाटे श्रीकांत दारात उभा: "ताई, यल्ला. आत्ता नाही निघालो तर दोन तास रोडवरच खलास." शारजातले लोक दिवस उजाडायच्या आत दुबईला का पळतात ते त्या रस्त्यावर कळलं. आपल्याकडे ट्रॅफिकमध्ये माणसं भांडतात. इथं कुणी भांडत नाही, सगळे मुकाट्यानं फोनवर घरच्यांशी बोलतात. मला भांडण जास्त सोसतं.

अल क्वोज

अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेजं, फरशी कापायचे कारखाने. एका फरशीच्या कारखान्याला लागून गॅलरी, आणि गॅलरीच्या मागच्या भागात छपाईची खोली. इक्बालभाई दारातच उभे होते. पांढरी आखूड दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात किल्ल्यांचा जुडगा सतत वाजत. हा माणूस माझ्याच जातकुळीचा, एका जागी न ठरणारा, हे बघताक्षणी लक्षात आलं.

"मॅडम, आधी चाय घ्या. मग पिक्चर बघा. दगड सगळ्यात लास्ट," ते म्हणाले. "दगड आधी बघितलात तर बाकीचं बघणार नाही तुम्ही."

भिंतींवर वेढ्यातलं पॅरिस टांगलेलं होतं. एका चित्रात खाटकाच्या दुकानापुढे टोप्या घातलेल्या बायकांची रांग, आणि खाटीक तराजूत उंदीर तोलतोय. दुसऱ्यात एक कुटुंब जेवायला बसलंय आणि टेबलाखालचं मांजर सगळ्यांच्या तोंडाकडे संशयानं बघतंय. प्रशियाचा राजा कुठे नकाशा चिरणारा शिंपी, कुठे फुगलेला बेडूक. रंग बायकांनी हातानं भरलेले, कापलेल्या पत्र्याच्या साच्यांतून, भरभर. लाल रंग रेषेबाहेर गेलेला, पण पुसायला कुणाला वेळ होता. एका चित्रातले सगळे शिपाई डावखुरे दिसले तेव्हा मला हसू आलं. दगडावर उलटं काढावं लागतं तेव्हा कागदावर सुलटं येतं, आणि घाईत चित्रकार तेच विसरला होता. पहिल्या वर्षाची मुलं हमखास ही चूक करतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाची मला एकदम माया वाटली.

"हे लोक उंदीर खात होते आणि हसत होते," इक्बालभाई म्हणाले. "मला तेच आवडतं."

"पण फ्रान्सच्याच सम्राटाची टिंगल फारच आहे," मी म्हणाले. "जिकडे बघावं तिकडे तोच."

"तो पकडला गेला ना. सैन्यासकट सरेंडर. तोपर्यंत त्याच्यावर असं काढायची परमिशन नव्हती. गेल्यावर सगळे तुटून पडले." किल्ल्या वाजल्या.

मग दगड दाखवला. करड्या पिवळट रंगाचा, पाटाएवढा, हातभर जाड नव्हे पण चांगला वजनदार. प्रेसपाशी नेण्यासाठी शेजारच्या कारखान्यातून दोन माणसं बोलावली होती, त्यातला एक जतचा निघाला. दगड खाली ठेवून त्यानं कपाळ पुसलं आणि मला म्हणाला, "एवढ्यासाठी इमानानं आलाव? आमच्याकडं पाट्याला घालत्यात असला."

चित्र असं होतं. प्रशियन शिपायाचं टोकदार लोखंडी शिरस्त्राण उलटं करून त्याचं पातेलं केलंय. ते आपल्या टोकावर डुगडुगतंय. पातेल्यात खुद्द सम्राट बसलाय, मिशांना पीळ, आणि चमच्यानं सूप ओरपतोय. समोर वाडगे घेतलेल्या सात-आठ बायका. त्यांचे चेहरे इतक्या बारीक रेषांनी काढलेले की मी श्वास धरला. चीर डाव्या कडेनं निघून पातेल्याच्या दिशेनं आली होती.

"होईल?" त्यांनी विचारलं.

"एक होईल. दुसऱ्याचं सांगू शकत नाही."

"एकच हवाय मला," ते म्हणाले.

पुन्हा शारजा, आणि देरा

या कामाचा जीव डिंकात असतो. दगडावर जिथं चित्र नाही तिथं डिंक लावला की तो भाग पाणी धरतो आणि शाईला नकार देतो. म्हणून मी कोल्हापुरातून खास निवडलेला डिंक आणला होता, खडान्खडा उजेडात धरून. संध्याकाळी शारजाला आलो तर घरभर तुपाचा वास. मेधानं हौसेनं माझ्यासमोर डबा उघडला. डिंकाचे लाडू.

"ताई, किती छान डिंक आणलात. इथं असा मिळत नाही. अख्खा तळला, काय फुलला म्हणून सांगू."

माझी बॅग तिनंच आवरली होती. कोल्हापूरहून नणंद येते, बॅगेत डिंकाची पुडी आहे, यातून कुठलीही मराठी बाई दुसरं काय समजणार? तिला खरं सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली. श्रीकांतला हसू आवरेना. मी रागानं एक लाडू खाल्ला. उत्कृष्ट होता, आणि त्यामुळे मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मेधा सुट्टी टाकून माझ्याबरोबर जुन्या दुबईत, देराच्या मसाल्याच्या बाजारात आली. केशर, वाळलेली लिंबं, गुलाबकळ्या, ऊद. एका दुकानात डिंकाचं पोतं दिसलं. मी खडे उजेडात धरते, जिभेला लावते, परत टाकते. दुकानदार कौतुकानं बघत होता.

"सुदानी है, नंबर वन. बेटी को बच्चा हुआ?"

"नहीं. पत्थर को पिलाना है."

त्यानं मेधाकडे बघितलं. तिनं मान डोलावून मी बरी असल्याची खात्री दिली. पुडी चाळीस दिरहमना पडली. "म्हणजे नऊशे-साडेनऊशे रुपये, ताई. डिंकाला," मेधा म्हणाली आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. डिंक दिसायला चांगला होता, पण माझा नव्हता. तो रात्रभर पाण्यात भिजत पडला आणि मी कूस बदलत पडले.

अल क्वोज, शुक्रवार

इक्बालभाई नमाज पढून आले तेव्हा मी प्रेसभोवती येरझाऱ्या घालत होते. तेही घालू लागले. शेवटी त्यांना मी स्टुलावर बसवलं.

दगडावर देराच्या डिंकाचं पाणी चढवलं. मग जुनी शाई टर्पेंटाइननं पुसावी लागते. पुसली की चित्र नाहीसं होतं. ते दगडात मुरलेलं असतं, फक्त दिसत नाही, आणि नव्या शाईचा रूळ फिरला की परत वर येतं. हे मी वर्षानुवर्षं वर्गाला सांगितलं आहे. तरीही त्या बायका माझ्या फडक्याखाली एकेक करून पुसल्या गेल्या तेव्हा मी त्या मनात मोजून ठेवल्या. इक्बालभाई स्टुलावरून उठले होते.

"मॅडम, हे काय केलंत?"

"बसा. येतील परत."

स्पंजनं पाणी, मग रूळ. पाणी, रूळ. आधी सम्राटाच्या मिशा आल्या, मग पातेलं, मग बायका, सगळ्या, एकही चेहरा हरवला नव्हता. इक्बालभाईंनी मोठा श्वास सोडला. मी रूळ फिरवतच होते, तेव्हा बायकांच्या मागची कोरी जागा करडी व्हायला लागली.

वाटलं, दगड शाई धरतोय. पुन्हा पाणी मारलं. करडं जाईना. उलट त्याला आकार यायला लागला. एक खांदा, त्यावर झालर. छातीवर गोल, पदकांसारखे. मी घाईनं साधा कागद ठेवला, हलक्या दाबानं कच्चा ठसा घेतला आणि उजेडात धरला. टिंगलीच्या चित्रामागे एक मोठं, फिकट, रुबाबदार चित्र उभं होतं. तोच माणूस. तीच पिळदार मिशी, पण ताठ मान, गणवेश, पदकं. बायकांची भुकेली रांग त्याच्या छातीवरून चालली होती.

काय झालं असेल ते मला लगेच उमगलं. हे दगड बव्हेरियातले, म्हणजे शत्रूच्या मुलखातले. वेढ्यात नवा दगड येणार कुठून? छापखान्यात सम्राटाची तसबीर छापलेला एक दगड पडला असणार. सम्राट पडला, तसबीर कुणाला नको. तोच दगड घासला आणि त्याच्यावर त्याचीच टिंगल काढली. घासला मात्र घाईत. खाली थोडं तेल राहिलं आणि इतकी वर्षं डिंकाखाली दबून राहिलं. माझा डिंक असता तर त्यानं कदाचित आजही ते दाबलं असतं. देराचा थोडा मवाळ निघाला.

मी हे सगळं उत्साहानं सांगत सुटले. इक्बालभाई कागदाकडे बघत होते. किल्ल्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"पुसता येईल हा मागचा?"

"येईल. ॲसिड कडक करावं लागेल. पण बायकांचे चेहरे नाजूक आहेत, त्यातले काही जातील."

"जाऊ देत. हा नको मला."

त्यांच्या आवाजात प्रथमच धार होती. चित्र त्यांचं, दगड त्यांचा. मी निमूटपणे ॲसिडची बाटली काढली, डिंकाच्या पाण्यात थेंब मोजायला लागले. मला वाईट वाटत होतं. ते चेहरे मी घालवणार होते आणि ते मला नीट जमणार होतं.

इक्बालभाई खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"मी आधी कुवेतला होतो. यंग होतो. बकाल्यात काम, म्हणजे किराणा दुकान. हल्ला झाला, शेजारच्या देशाचं सैन्य शहरात शिरलं. अरबाब, म्हणजे मालक, म्हणाला, भिंतीवरची तसबीर काढ, ही नवीन लाव. त्यांच्या साहेबाची. मी तांदळाच्या पोत्यावर चढलो, जुनी उतरवली, त्याच खिळ्याला नवीन लावली. पण नवीन लहान होती, ताई." मॅडमची ताई कधी झाली ते त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. "जुनी मोठी होती. तिच्यामागची भिंत पांढरी राहिली होती. नव्याच्या चारी बाजूंनी ती पांढरी पट्टी दिसायची. सोल्जर सिगरेट घ्यायला यायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत, त्या पट्टीकडे बघायचे. मला झोप नाही. शेवटी चहापत्ती उकळली आणि त्या पाण्यानं भिंत रंगवली. वाळली की परत लावली. मग काय, बस, बॉर्डर, कॅम्प, विमान. पण भिंत रंगवली ते विसरत नाही."

मला आमच्या कॉलेजचं ऑफिस आठवलं. सरकार बदललं की खुर्चीमागची तसबीर बदलायची आणि शिपाई जुनीच्या आकाराची नवी शोधून आणायचा. आम्ही त्याला हसायचो. हसणं किती स्वस्तात मिळतं आम्हाला.

"मग करू का हे?" मी हातातलं भांडं दाखवलं.

ते प्रेसपाशी आले. कच्चा कागद पुन्हा उचलला. करड्या सम्राटावर बोट ठेवलं, मग त्याच्या छातीवरून चाललेल्या एका बाईवर.

"ज्यानं काढलं, त्याला पण मागचा दिसत असेल काय?"

"घासताना तर दिसलाच असेल."

"भ्याला असेल तो पण," ते म्हणाले. "ओतून टाका ते. ह्या वेळी नाही रंगवायची भिंत."

मी भांडं बेसिनमध्ये रिकामं केलं. चांगला जाड कागद ओला केला. दगडाला पुन्हा पाणी, पुन्हा शाई. चीर आता पातेल्याच्या बुडापाशी आली होती, कच्च्या ठशानं तेवढी पुढे सरकवली होती. इक्बालभाईंना मी चाकाच्या दांड्यापाशी उभं केलं आणि सांगितलं, थांबायचं नाही, वेगही वाढवायचा नाही. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं. दगड दाबाच्या पट्टीखालून सरकायला लागला. मध्यावर टक्‌ असा आवाज आला. त्यांचा चेहरा पडला, पण हात थांबले नाहीत.

कागद एका कोपऱ्यातून उचलला. सगळं आलं होतं. बायका, पातेलं, ओरपणारा सम्राट आणि त्याच्यामागे ताठ उभा असलेला तोच. दगड अजून एकसंध होता, पण चीर पार पलीकडच्या कडेच्या जवळ गेली होती. मला स्वतःसाठी एक ठसा हवा होता. फार हवा होता, हात शिवशिवत होते. मी डिंकाचा फडका घेतला आणि दगड झाकून टाकला.

शनिवारी गॅलरीत या चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, तेव्हा दगड काचेखाली ठेवला. मेधा लाडवांचा डबा घेऊन आली होती. तुझ्या लाडवांमुळेच मागचा सम्राट वर आला, असं मी तिला सांगितलं तेव्हा तिनं इक्बालभाईंची माफी मागितली. त्यांनी दोन लाडू खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. ठसा भिंतीवर नव्हता. तो नळकांड्यात घालून ते काखेत धरून हिंडत होते.

मी परत आले. विमान याही वेळी लांबून आलं. महिन्याभरानं श्रीवर्धनहून फोनवर एक फोटो आला. चुन्याची भिंत, चौकटीत आमचा कागद. शेजारी एक जुना, गंजलेला खिळा, रिकामाच. खाली इक्बालभाईंनी लिहिलं होतं, "ताई, जुना खिळा जागेवरच होता. पण ह्या वेळी मी नवीन ठोकला."